वाचकांचे प्रश्न: लॉकवालं होल्स्टर घ्यायचंय, पण कुठलं?

प्रश्न: सर, मला ड्युटीसाठी नवीन पिस्तूल मिळालंय, ते कंबरेला अडकवायचं होल्स्टर मात्र स्वतःचं घ्यायचंय. बघायला गेलो तर लेव्हल १, २, ३ असलं काय काय लिहिलेलं असतं. एक सहकारी म्हणतो थ्रीच घे, दुसरा म्हणतो लॉकबिक काही नको, ऐनवेळी अडकतं. डोकं फिरलंय. नक्की काय बघून घेऊ?

उत्तर: लेव्हलचा आकडा जरा बाजूला ठेवा, त्यावर येतोच. आधी पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) डोळ्याने बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. आता ते होल्स्टरमध्ये बसवा आणि बाहेरून ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, जागी अंगठा जोरात दाबा. अंगठ्याखाली काही दबलं, किंवा वरच्या फटीतून बोट ट्रिगरपर्यंत पोचलं, तर ते होल्स्टर तिथंच परत करा, पुढचं काही बघूच नका. ट्रिगर झाकणं हे होल्स्टरचं पहिलं काम, धरून ठेवणं त्याच्या नंतर. आणि पिस्तुलाला टॉर्च लावलेला असेल तर इथं दुप्पट लक्ष द्या, कारण टॉर्चला जागा द्यायला होल्स्टरचं तोंड रुंद करावं लागतं आणि मग ट्रिगरच्या बाजूला फट राहते, ती किती राहिलीय ते नीट बघा. टॉर्च नंतर लावू असा विचार असेल तर होल्स्टरही नंतरच घ्या, टॉर्चविना घेतलेल्या होल्स्टरमध्ये टॉर्चवालं पिस्तूल बहुतेक जाणारच नाही.

फिटिंगचं म्हणाल तर "जवळपास बसतं" याला काही अर्थ नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या पिस्तुलात सुद्धा पिढी बदलली की फ्रेम, म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा, थोडी बदलते, आणि लॉकला तेवढा फरकही पुरतो, म्हणून पूर्ण मॉडेल सांगून घ्या. रिकामं पिस्तूल आत घालून गादीवर होल्स्टर उलटं धरा आणि झटके द्या. लॉक न लावता, नुसत्या घट्टपणावर सुद्धा पटकन पडता कामा नये. मग बेल्टला लावा आणि कोणाला तरी पिस्तुलाची मूठ धरून खेचायला सांगा, वर, पुढे, बाजूला, पिळून. इथं बऱ्याचदा मजा होते, पिस्तूल होल्स्टरमध्येच राहतं पण होल्स्टरच बेल्टसकट वर येतं! बेल्ट लेचापेचा असेल तर महागडं लॉक घेऊनही उपयोग शून्य. बेल्ट कडक हवा आणि लूपची रुंदी त्याला धरून हवी. साधारण ३८ मिमीच्या बेल्टवर ४५ मिमीचा लूप चढवला की होल्स्टर डुलणारच.

आता लेव्हल. कोणी पिस्तूल हिसकावलं तर होल्स्टर ते किती धरून ठेवतं, याचं हे मोजमाप १९७० च्या दशकात बिल रॉजर्स या माजी एफबीआय एजंटने आणलं. त्याची चाचणी साधीच होती, होल्स्टर कंबरेला, समोरच्याने मूठ धरून सगळ्या ताकदीने ओढायचं, ५ सेकंद पिस्तूल आत राहिलं तर लेव्हल १. मग एक लॉक उघडून परत तेवढंच ओढायचं, तरी राहिलं तर लेव्हल २, आणि असंच पुढे. अडचण अशी की आज सगळे असंच मोजतात असं नाही, कोणी स्क्रूने आवळलेल्या घट्टपणालाच एक लेव्हल धरतं, कोणी धरत नाही. त्यामुळे डब्यावरचा आकडा वाचू नका, पिस्तूल बाहेर यायला हाताला किती वेगवेगळ्या गोष्टी कराव्या लागतात ते मोजा.

माझं मत विचाराल तर युनिफॉर्मवर, उघड्यावर, गर्दीत पिस्तूल वागवायचं असेल तर अंगठ्याने उघडणारं किमान एक लॉक हवंच. तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्याचं "अडकतं" हे खोटं नाही, पण अडकतं ते प्रॅक्टिस न केलेल्याचं. मूठ पूर्ण पकडल्यावर अंगठा आपोआप जिथं पडतो तिथंच लॉक असलं पाहिजे, पकड सोडून शोधायला लागलं तर ते तुमच्या हाताचं होल्स्टर नव्हे. ड्युटीवर न्यायच्या आधी रिकाम्या पिस्तुलाने काही शे वेळा काढा, हळू. जॅकेट घालून, बसून, डाव्या हाताने पण. लेव्हल ३ घ्यायचं तर ही मेहनत आणखी वाढते, ती करायची तयारी नसेल तर लेव्हल २ वर थांबा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि स्क्रू! रोजच्या चालण्याने ते सैल होतात. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खाली होल्स्टरवर उतरणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरला, लांबूनच कळतं.

प्रश्न: काकांचं जुनं चामड्याचं होल्स्टर मिळालंय, मऊ आणि एकदम कम्फर्टेबल आहे. वापरू का?

उत्तर: मऊ म्हणताय तिथंच घोळ आहे. शिकायला आलेल्या एकाकडे असंच होतं, पिस्तूल काढलं की होल्स्टरचं तोंड मिटायचं आणि कडेचं चामडं जिभेसारखं आत वळायचं. पिस्तूल परत घालताना ती घडी थेट ट्रिगर गार्डमध्ये शिरत होती, म्हणजे बोटाचं काम चामडं करणार. नशीब ते आम्ही रिकाम्या पिस्तुलावर पकडलं. पिस्तूल बाहेर असताना तोंड उघडं राहत नसेल तर काकांची आठवण म्हणून कपाटात ठेवा. त्यात पिस्तूल मात्र ठेवू नका, चामड्यात ओल धरते आणि गंज चढतो. चांगलं कडक, तोंडाला पट्टी मारलेलं चामडं असेल तर माझी काही तक्रार नाही, नवीन कायडेक्सचंच (कडक प्लास्टिकचं) पाहिजे असं नाही. फक्त "सगळ्या पिस्तुलांना बसतं" म्हणून मिळणारी नायलॉनची पिशवी नको, ती खरं तर कशालाच बसत नाही.

प्रश्न: पहिल्या बोटाने बटण दाबून उघडणारं होल्स्टर सोपं वाटतं. घेऊ का?

उत्तर: मी घेणार नाही. घाईत ते बोट बटणावर जोर देऊनच असतं, पिस्तूल वर आलं की तोच जोर आत वळून ट्रिगरवर जाऊ शकतो. अंगठ्याचं घ्या. आणि परत घालताना कसली घाई? जॅकेटची दोरी, शर्टाचं टोक आत गेलंय का ते मान खाली घालून बघा, बोट फ्रेमवर सरळ ठेवा, हळूहळू सरकवा, आणि मध्येच अडल्यासारखं वाटलं तर ढकलू नका, बाहेर काढून काय अडकलंय ते बघा.