मूल "काही नाही" एवढंच बोलतं, त्याला बोलतं कसं करायचं?

"शाळेत काय केलंस?" विचारणं आधी बंद करा, त्याचं उत्तर "काही नाही" हेच येतं. त्यापेक्षा दोन पर्याय देऊन "हे की ते?" असं विचारा. माझी भाची सात वर्षांची, आमच्याकडे गुहागरला आलेली, पडवीत आठळ्या सोलत बसलेलो तेव्हा सहज विचारलं, तुला कुर्ली (खेकडा) व्हायला आवडेल की कासव? म्हणे कासव, कारण कोणी आलं की घरात डोकं घालून बसता येतं. मी म्हटलं अगं समुद्रातल्या कासवाला मान आत नाही ओढता येत, मग काय करशील? हातातली आठळी तशीच, विचार चालू... मग म्हणाली "मग मी खोल बुडी मारणार, कुर्लीला बिळात लपायला किनाऱ्यावर यायला लागतं, मला नाही" आणि पुढे अर्धा तास बोलतच होती!

दोन्ही पर्याय तोडीस तोड हवेत, अभ्यास की मार असलं नको. आणि विचारल्यावर गप्प बसा हो, हे सगळ्यात महत्त्वाचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलंय की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि कारणं देऊन बोलतात. "दोन्ही नको" म्हणालं तरी चालेल, फक्त का ते विचारा.