उभ्या ट्रकवर धडक : मयताची चूक किती धरायची?

प्रश्न : माझे पती (वय 34) रात्री दुचाकीवरून घरी येताना महामार्गावर उभ्या ट्रकवर मागून आदळले आणि जागीच गेले. ट्रकचे मागचे दिवे बंद होते. ते वायरिंगची कामे घेत, महिन्याला 18,000 रुपयांपर्यंत कमावत. घरी मी, दोन मुले आणि सासूबाई. दावा दाखल आहे. विमा कंपनी म्हणते, धडक त्यांनीच मागून दिली, हेल्मेट नव्हते, लायसन्सची मुदत संपली होती; म्हणजे निम्मी चूक त्यांची. लोकअदालतीत निम्म्या रकमेवर सही करावी का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : इतक्यात सही करू नका. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे आधी आकडा मांडून पाहा.

वार्षिक उत्पन्न 2,16,000. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवून 3,02,400 (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, 2017). अवलंबून असलेले चौघे, म्हणून मयताच्या स्वतःच्या खर्चाची एक चतुर्थांश वजावट, उरले 2,26,800. वय 31 ते 35 साठी गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला वयानुसार गुणायचा आकडा, 16 (सरला वर्मा निकाल, 2009). झाले 36,28,800. सहवास गमावल्याबद्दल माणशी 40,000 आणि दर तीन वर्षांनी 10 टक्के वाढ. दोन वाढी धरून 48,400, चौघांचे 1,93,600. संपदाहानी (मयताच्या मालमत्तेचे नुकसान) व अंत्यविधीचे प्रत्येकी 18,150. एकूण 38,58,700 रुपये, वर व्याज. निम्मी चूक मान्य करणे म्हणजे 19,29,350 रुपये सोडणे. पंचवीस टक्के धरली तरी 9,64,675 जातात.

मयताची चूक सिद्ध करण्याचा भार ती मांडणाऱ्या विमा कंपनीवर असतो. नुसते लेखी म्हणणे पुरत नाही. ट्रकचालकाला साक्षीसाठी उभे केलेच नाही, तर तुमच्या वकिलांनी युक्तिवादात त्यावर बोट ठेवावे. दिव्यांविना रस्त्यात उभ्या केलेल्या टँकरवर गाडी आदळली, तेव्हा उच्च न्यायालयाने धरलेली निम्मी चूक सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये काढून टाकली. धोकादायक रीतीने वाहन उभे करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम 122 मनाई करते, तेही मांडा.

निकाल फिरतो तो बहुधा स्थळ पंचनाम्यावर. ट्रकची चाके डांबरावर होती की साइडपट्टीवर, रस्त्याची रुंदी किती, पथदिवे होते का, मागे इशाऱ्याचा त्रिकोण किंवा इंडिकेटर होता का, ब्रेकच्या खुणा किती लांब, हे त्यात शोधा. पंचनाम्यात दिव्यांचा उल्लेखच नसणे ही नेहमीची अडचण. मग आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, घटनास्थळाचे फोटो आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार यांवर भिस्त. फिर्याद तुमच्या पतींविरुद्धच नोंदली असेल तरी खचू नका. तुमचा दावा चालवणारे मोटार अपघात दावा प्राधिकरण पुरावा स्वतंत्रपणे तोलते, आणि तिथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही.

लायसन्सचा मुद्दा लंगडा आहे. लायसन्स नसणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच म्हटले आहे. हेल्मेटचे मात्र शवविच्छेदन अहवालावर ठरेल. मृत्यू छाती-पोटाच्या इजेने झाला असेल, तर हेल्मेटचा संबंधच उरत नाही. डोक्याच्या इजेने झाला असेल, तर काही टक्के कपात होऊ शकते. तडजोडीत तेवढ्यापुरतीच घासाघीस करा. अन् 18,000 चा पुरावा हाताशी ठेवा : बँकेचा उतारा, मालाची बिले, दोन-तीन गिऱ्हाइकांची साक्ष. तो नसला, तर प्राधिकरण अंदाजाने बरेच कमी उत्पन्न धरते, आणि त्याचा फटका टक्केवारीइतकाच बसतो.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी भाऊ मित्राच्या दुचाकीवर मागे बसला असताना टेम्पोशी धडक होऊन गेला. दुचाकीवर तिघे होते. चूक मित्राचीही होती म्हणतात. भरपाई कमी होईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मित्राच्या चुकीमुळे नाही. मागे बसलेल्याच्या दृष्टीने ती दोन चालकांची एकत्रित चूक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या निकालानुसार पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. आपापला वाटा त्यांनी नंतर ठरवावा. केवळ टेम्पोवाल्याला व त्याच्या विमा कंपनीला पक्षकार केले तरी चालते, पण मित्र आणि दुचाकीची विमा कंपनी यांनाही जोडावे. टेम्पोचालकाची काहीच चूक नाही असे ठरले, तर दावा कोरडा जाऊ नये. तिघे बसणे हा नियमभंग खरा. पण त्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय कपात नाही (सर्वोच्च न्यायालय, 2020). मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. तुमच्याकडे तीनच उरलेत. कागद अपुरे असले तरी आधी अर्ज दाखल करा.