‘मकरेकिंग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? तो कसा वापरतात?

‘मक’ म्हणजे शेण, घाण, चिखल आणि ‘रेक’ म्हणजे आपलं दाताळं. दडवलेले गैरव्यवहार खणून चव्हाट्यावर आणणं म्हणजे मकरेकिंग, आणि ते करणारा पत्रकार मकरेकर.

इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या सतराव्या शतकातल्या रूपककथेत एक माणूस आहे. हातात दाताळं, नजर सतत खाली. डोक्यावर कुणी स्वर्गीय मुकुट धरलाय, त्या बदल्यात फक्त दाताळं मागतोय, पण हा वर बघतच नाही! एप्रिल १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी भाषणात हाच माणूस शोधपत्रकारांना उद्देशून वापरला. घाण उपसणं गरजेचं आहे, पण कुठे थांबायचं तेही कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शब्द टोमणा म्हणून चिकटला. पुढे तीच बिरुदावली झाली.

आणि ती या पत्रकारांनी कमावली होती. अमेरिकन पत्रकार आयडा टार्बेल यांनी १९०२ पासून स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे व्यवहार कागदपत्रांनिशी लेखमालेत उघडे पाडले. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती कंपनी तोडली गेली. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

वापरताना छटा सांभाळा. कौतुकाने म्हटलं तर ‘पर्दाफाश करणारा’, रागाने म्हटलं तर ‘दुसऱ्याची उणीदुणी उकरणारा’. ‘चिखलफेक’ हा मात्र प्रतिशब्द नव्हे. चिखलफेकीला पुरावा लागत नाही, मकरेकिंगचा सगळा जीव पुराव्यात असतो.