पुण्यातल्या आमच्या संस्थेच्या पोथ्यांसाठी डिजिटल ग्रंथालय करायचंय. आधी कोड लिहावा की माहितीचं मॉडेल, म्हणजे कशाची नोंद कशी ठेवायची त्याचा आराखडा, करावा?

आधी मॉडेल, नक्कीच. पोथ्यांचं सगळंच गुंतागुंतीचं असतं: एका बाडात चार ग्रंथ, कर्ता एक, नक्कल करणारा लेखनिक दुसरा, काळ शकात. डब्लिन कोअर या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मूळ 15 घटकांत लेखनिकाला स्वतंत्र घटकच नाही. म्हणून बाड, ग्रंथ, व्यक्ती आणि त्यांची नाती ग्रंथपालांसोबत बसून मांडा. भांडारकर संस्थेच्या हस्तलिखितांच्या छापील वर्णनात्मक सूच्या समोर ठेवा. शक जसाच्या तसा नोंदवा, इसवी सन वेगळ्या रकान्यात. शक 1700 म्हणजे 1778-79, एकच वर्ष लिहून भागत नाही.

डीस्पेस 7 या डिजिटल ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही नाती आणि नोंदणीचा फॉर्म एक्सएमएल या साध्या मजकुराच्या फायलींत लिहिता येतो. उद्या ‘लिपी’ हा रकाना वाढला तरी जावा कोडला हात लावावा लागत नाही. नोंदीचं पान हवं तसं दिसायला मात्र अँग्युलर (वेबपानं बांधायची चौकट) येणारं माणूस लागेल.