जीटीएक्स १०८० टीआय काढून आरटीएक्स ए२००० बसवावे का?

ही दोन्ही एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे आहेत. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील रेंडरिंग (दृश्यावरून अंतिम प्रतिमा तयार करणे) हे आपले मुख्य काम असेल तर १२ जीबी मेमरीचे ए२००० अवश्य बसवावे. केवळ गेम खेळायचे असतील तर मात्र जुने कार्डच ठेवावे. एनव्हिडियाची अधिकृत माहिती पाहता, २०१७ चे १०८० टीआय निव्वळ आकड्यांत आजही सरस आहे: त्याची गणनक्षमता सुमारे ११ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी), तर २०२१ च्या ए२०००ची ८, मेमरीचा वेग सेकंदाला ४८४ जीबी, तर ए२०००चा २८८. तरीही रेंडरिंगमध्ये हे आकडे दिशाभूल करतात, कारण प्रकाशकिरणांचा माग काढणारे स्वतंत्र आरटी कोअर आणि प्रतिमेतील दाणेदारपणा (नॉइज) काढताना उपयोगी पडणारे टेन्सर कोअर ए२०००मध्ये आहेत, जुन्या कार्डात ते मुळीच नाहीत. ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये ‘ऑप्टिक्स’ हा पर्याय निवडल्यावर सायकल्स हे ब्लेंडरचे रेंडर इंजिन त्यांचा पुरेपूर वापर करते. शिवाय ए२००० केवळ ७० वॅटवर चालते, त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही. १०८० टीआयला २५० वॅट लागतात, आणि तासन्‌तास रेंडर चालवणाऱ्यासाठी हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एक खबरदारी आवर्जून घ्यावी: ए२००० हे कार्ड ६ जीबी मेमरीतही मिळते, आणि आपले दृश्य तेवढ्यात मावत नसेल तर ११ जीबीचे जुने कार्डच अधिक उपयोगाचे ठरेल.