भ्रमनिरास : श नव्हे, स

एका स्नेह्यांनी विचारलं आहे : "'बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै' बऱ्याच वर्षांनी परत पाहिला. त्यावर लिहिताना नायक रॉन कोविक याला 'भ्रमनिराश झालेला ज्येष्ठ सैनिक' म्हटलं. मुलगी म्हणते, 'मोहभंग' म्हणा. बरोबर काय?"

आधी 'ज्येष्ठ' काढून टाका. कोविक ही खरी व्यक्ती. ४ जुलै १९४६चा जन्म, आणि २० जानेवारी १९६८ला व्हिएतनाममध्ये जखमी होऊन छातीखाली कायमचा लुळा. एकविशीतला पोरगा तो, ज्येष्ठ कसला? युद्धावरून परतून सेवेतून बाहेर पडलेला तो माजी सैनिक, वय काहीही असो.

'भ्रमनिराश' असा शब्दच नाही. आपल्या कानाला त्यात 'निराशा' ऐकू येते, म्हणून हात आपोआप श लिहून जातो. शब्द आहे भ्रमनिरास. निराशा म्हणजे निर् अधिक आशा. निरास मात्र निर् अधिक अस्, आणि हा अस् म्हणजे फेकणे. शंकानिरसनातलं 'निरसन' याच धातूचं. 'अस्त्र'ही त्याचंच, फेकून मारायचं ते अस्त्र. तेव्हा भ्रमनिरास म्हणजे भ्रम दूर फेकला जाणं. त्यात निराशेचा मागमूसही नाही.

मुळात ही चांगलीच गोष्ट. अंधारात दोरी साप वाटली, दिवा आणल्यावर दोरी दिसली. वेदान्तातल्या या दृष्टान्तात भ्रम गेला की भीती जाते, माणूस मोकळा होतो. मराठीने या शब्दाला दुःखाची छटा दिली ती पुढे, आणि ती आता रुळली आहे. माझी तक्रार वेगळीच आहे. संघ सामना हरला की 'चाहत्यांचा भ्रमनिरास' असा मथळा येतो. तिथे अपेक्षाभंग पुरे, खरं तर हिरमोडसुद्धा पुरे. कुठला भ्रम होता तिथे?

कोविकचा मात्र खराखुरा भ्रम होता. सुरुवातीची मिरवणूक आठवा. लाँग आयलंडवरचं मॅसापिक्वा गाव, ४ जुलै, बापाच्या खांद्यावरून पाहणारा लहानगा रॉन. समोरून जुन्या युद्धातले अपंग सैनिक जातात आणि फटाका वाजला की दचकतात. (चाकाच्या खुर्चीतल्या त्या सैनिकांत खुद्द कोविक आहे.) पोराला ते दिसतं, पण कळत नाही. पुढे तशाच मिरवणुकीत, तशाच खुर्चीत बसून तो स्वतः दचकतो. दृष्टान्तातल्या माणसाला दोरीत साप दिसला होता. याने सापाला फुलांचा हार समजून गळ्यात घातलं. दिवा आल्यावर याला भीतीतून सुटका कुठून मिळणार? पण १९७२मध्ये मायामीला रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात खुर्ची पुढे रेटत युद्धाविरुद्ध ओरडतो, तेव्हा त्याच्याकडे दुःख आहे आणि ज्ञानही. शब्दाचा जुना अर्थ आणि नवा, दोन्ही एका माणसात. म्हणून इथे भ्रमनिरासच हवा. 'निराश' म्हटलंत तर हा ओरडणारा कोविक हातातून निसटतो.

मुलीचा 'मोहभंग' चूक नाही. हिंदीत तो या अर्थी पक्का आहे. मराठीत मात्र मोह म्हटला की आधी आठवतो आमरसाचा नाहीतर पैठणीचा, आवरता न येणारा. गीतेतला मोह वेगळा, बुद्धी झाकणारा. अठराव्या अध्यायात अर्जुन 'नष्टो मोहः' म्हणतो आणि लढायला उभा राहतो. कोविकचा मोह लढून आल्यावर गेला. तुमच्या लेखात हा विरोध मांडणार असाल, तर मोहभंग जरूर वापरा, एरवी नको.

'भ्रमाचा भोपळा फुटला' हा वाक्प्रचारही कुणी सुचवेल. तो अस्सल मराठी आहे, पण त्यात फसलेल्याला हसण्याचा सूर आहे. पाठीचा कणा गमावलेल्या पोराविषयी तो माझ्याच्याने लिहवणार नाही.

तेव्हा 'भ्रमनिरास झालेला माजी सैनिक' असं लिहा. 'भ्रमनिरासित' नको, तो जिभेवर अडतो. त्याहून बरं, क्रियापद वापरा : 'युद्धाने रॉनचा भ्रमनिरास केला.'