५८९ रुपयांची फाइल

"मॅडम, दर महिन्याला भरतोय, तरी कार्डाची बाकी जागची हलत नाही. बँक फसवतेय का आम्हाला?"

हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारे बदलतात, सूर तोच असतो: निम्मा राग, निम्मी लाज. त्यातल्याच एका गृहस्थांची गोष्ट सांगते. लिहायला त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. समोर बसलेले असताना मी त्यांना दादा म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

मी सदाशिव पेठेत आठवड्यातून दोन दुपारी समुपदेशनाला बसते. त्याआधी २२ वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यामुळे घरातल्या भांडणाच्या मुळाशी पैसा असला की ओळखीचे लोक माणसं माझ्याकडे पाठवतात. दादा जानेवारीत आले. राहायला धायरीला, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, शिफ्ट सुपरवायझर. येताना हातात एक जाडजूड फाइल. आत तक्रारीचे अकरा ईमेल छापून लावलेले, तारखेवार, कडेला रंगीत चिठ्ठ्या. मी बँकेत असताना इतकी नीटनेटकी फाइल ऑडिटरला दाखवायलासुद्धा बनवली नव्हती.

तक्रार अशी. पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेल्या एका मुलानं त्यांना कार्ड दिलं, "आयुष्यभर फ्री, सर" असं सांगून. वर्षभरानं, जूनच्या बिलात वार्षिक फी लागली. ४९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९. कस्टमर केअरनं आधी "बघतो" म्हटलं, मग "नियमाप्रमाणेच आहे" म्हटलं, मग फोनवर गाणी ऐकवली.

"ताई, प्रश्न ५८९ रुपयांचा नाही, तत्त्वाचा आहे," दादा म्हणाले. हे वाक्य पुण्यात ऐकलं की मी आधी चहा मागवते.

चहा आल्यावर मी विचारलं, "आणि आज कार्डाची एकूण बाकी किती?"

ते गप्प बसले. मग म्हणाले, "असेल ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास."

"हजार?"

"हजार."

सात महिन्यांची स्टेटमेंट फोनमध्ये पडून होती, एकही उघडलेलं नव्हतं. पीडीएफचा पासवर्ड काय, हे शोधण्यातच आमची दहा मिनिटं गेली. ५८९ रुपयांचा एकेक कागद छापलेला आणि ८६,००० रुपयांच्या कागदाला हात लावलेला नाही. मला त्यांचं हसू आलं नाही. चीड यावी असा माणूस समोर असला की आपण त्याच्याशी भांडू शकतो; ज्यात आपलाही हात आहे ते बघायला धीर लागतो. तो धीर त्यांच्यात नव्हता, आणि तो नसल्याचं त्यांना कळतही होतं.

घडलं होतं ते असं. जूनचं बिल १४,२०० रुपयांचं होतं. दादांनी ५८९ वजा करून १३,६११ भरले. "चुकीची रक्कम मी का भरू?" एखाद्या दुकानदाराशी असं वागलं तर चालून जातं. कार्डाचं गणित वेगळं आहे. पूर्ण बिल भरलं तरच बिनव्याजी मुदत मिळते. काही रुपये जरी मागे राहिले, तरी ती मुदत जाते आणि पुढच्या महिन्यात जे घ्याल त्याला खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. ऑगस्टमध्ये लेकीचा डिप्लोमाला नंबर लागला, फी ५८,००० रुपये. ती कार्डावर भरली. मग गणपती, मग दिवाळी. आणि एव्हाना दादांनी ठरवून टाकलं होतं की बँक फी परत करेपर्यंत तिला मिनिममच्या, म्हणजे बिलावर छापलेल्या किमान रकमेच्या, वर एक पैसा द्यायचा नाही. त्यांना वाटत होतं, आपण बँकेची अडवणूक करतोय.

मी कोऱ्या कागदावर त्यांच्या कार्डाचे आकडे मांडले. बाकी ८६,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,०१०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ५४२. झाले ३,५५२. मिनिमम ड्यू बाकीच्या पाच टक्के, ४,३००. आता ४,३०० मधून ३,५५२ गेले की मुद्दलातून किती फिटले?

"७४८," दादा म्हणाले. मग पुन्हा हळूच, "सातशे अठ्ठेचाळीस?"

ज्या महिन्यात भरायला उशीर झाला, त्या महिन्यात लेट फी ७५० आणि तिचा जीएसटी १३५, असे ८८५ लागले होते. म्हणजे ते ७४८ तर गेलेच, वर बाकी १३७ रुपयांनी वाढली.

तेव्हा या लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं की बहुतेक वेळा बाकी हलत नाही त्यामागे फसवणूक नसते, हे गणित असतं. साडेतीन टक्के हा आकडा डोळ्यांना बारीक दिसतो, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात आणि जीएसटी धरला तर साडेएकोणपन्नासच्या घरात जातात. मिनिमम ड्यू म्हणजे खातं थकीत होऊ नये आणि लेट फी लागू नये एवढ्यापुरती रक्कम. फक्त तेवढंच भरत राहिलात तर फेड लांबत जाते, हा इशारा स्टेटमेंटवर छापायला रिझर्व्ह बँकेनं लावलंय. तो छापलेलाही असतो. फक्त ॲपमध्ये मिनिमम भरायचं बटण जितकं ठळक दिसतं, तितका तो दिसत नाही. यात मी बँकेला निर्दोष सोडणार नाही. पेट्रोल पंपावरच्या पोराला कार्डामागे कमिशन मिळतं, "फ्री" हा शब्द त्याला पाठ असतो, आणि शर्तींचं पत्रक घरी येतं तेव्हा तो दुसऱ्या पंपावर गेलेला असतो.

दादांकडे अजून एक हुकमी पान होतं. मेव्हण्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं: कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. तसा आदेश राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये दिला होता, हे खरं आहे. पण २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. हे सांगितल्यावर दादा खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "आमचं मूळ गाव सुप्याकडचं, ताई. आमच्याकडे सावकाराची कर्जखतं जाळली होती लोकांनी."

जाळली होती. १२ मे १८७५, सुपे, जिल्हा पुणे. पण दादांना मी पुढचंही सांगितलं: चार वर्षांनी, १८७९ मध्ये जो कायदा आला, त्यानं कोर्टाला कर्जखताच्या मागचा खरा हिशोब उकरून बघायची मुभा दिली. "तेव्हा आपण आधी हिशोब उकरू, जाळायचं नंतर बघू." दादा पहिल्यांदा हसले.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं. हसू गेलं. घरी माहीत नव्हतं. वहिनींना एवढंच ठाऊक होतं की हे बँकेशी भांडतायत आणि हे बरोबर आहेत. त्यांचं पाठबळ दादांना हवं होतं, आणि आकडा सांगितला की ते जाईल अशी भीती होती. मी आग्रह धरला नाही. फक्त पुढच्या वेळी फाइल घरी ठेवून सात स्टेटमेंट छापून आणा म्हटलं.

ते तीन आठवडे आले नाहीत. मला वाटलं, गेला हा माणूस. मग एका गुरुवारी दोघं आले. स्टेटमेंट वहिनींच्या पिशवीत होती. छापायला दिलेले कागद दुकानातून त्यांनीच आणले होते, त्यामुळे सांगायची वेळच आली नाही. आठ दिवस दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, हे त्यांनीच सांगितलं.

पहिली वीस मिनिटं मी काही केलं नाही. वहिनी बोलल्या. पैशाचं त्यांना तितकं लागलं नव्हतं. "लेकीच्या फीसाठी माझी भिशी मोडली असती मी. मला विचारलंच नाही," हे लागलं होतं. दादांनी समजावायला तोंड उघडलं की मी हात वर करायचे. समुपदेशनातलं माझं अर्धं काम हेच.

मग वहिनींनी चष्मा लावला आणि स्टेटमेंट वाचायला घेतली. त्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब ठेवतात. दूधवाल्याचे खाडे त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. तशाच त्या तारखा बघत गेल्या आणि नोव्हेंबरवर बोट ठेवून थांबल्या. "हे बघा. शेवटची तारीख १२. पैसे जमा झाले १५ ला. उशीर तीन दिवस. तीन दिवसाला एवढी फी?"

तिथे मी पुढे सरकले, कारण हा खाडा खरा होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले तरच लेट फी लावता येते. बरोबर तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाले असतील तर नाही. अकरा ईमेलमध्ये दादांनी कुठेही हे लिहिलं नव्हतं. लिहिणार कसे? कागद उघडलाच नव्हता. बँकेची हातात सापडणारी चूक ८८५ रुपयांची होती, आणि ती ५८९ च्या फाइलखाली दबून गेली होती.

त्या दुपारी आम्ही दोन कामं वेगळी केली, आणि ती वेगळी केली म्हणूनच पुढचं जमलं.

पहिलं काम कर्ज. दादांच्या कारखान्यात कामगारांची पतसंस्था आहे, ११ टक्क्यांनी कर्ज देते. ८६,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ४,००८ रुपये. मिनिमम म्हणून ते ४,३०० तर भरतच होते! त्याहून कमी हप्त्यात दोन वर्षांत सगळं साफ, आणि एकूण व्याज दहा हजारांच्या थोडं वर. हे दादांना आधी सुचलं नव्हतं असं नाही. पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात, आणि हाताखालच्या माणसांना "मला कार्डाचं कर्ज झालंय, सही करता का" असं विचारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आम्ही ते वाक्य खोलीत चार वेळा बोलून बघितलं. शेवटी ज्याला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, मी तुम्हालाच जामीन व्हा म्हणून विचारणार होतो."

पतसंस्था नसेल तर उरलेली बाकी ईएमआयमध्ये बदलून देता का, हे कार्डाच्या बँकेलाच विचारता येतं. दर आणि प्रोसेसिंग फी आधी लेखी घ्यावी. "सेटलमेंट" मात्र मी सहसा सुचवत नाही. ज्यांना फेडणं खरंच शक्य नाही त्यांच्यासाठी तो रस्ता आहे, पण बाकीपेक्षा कमी रकमेत मिटवलं की सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात "सेटल्ड" असा शेरा येतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी तो आडवा येतो. आणि वसुलीचे फोन येत असतील तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर ते करता येत नाहीत, हे लक्षात ठेवा. निव्वळ कार्डाची बाकी थकली म्हणून पोलीस येत नाहीत. फोनवर कुणी तसं म्हणालं तर त्याचं नाव, नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

दुसरं काम तक्रार. ती सोडायची नव्हती, फक्त तिच्यासाठी बिल अडवायचं नव्हतं. बिल पूर्ण भरायचं आणि वादाची रक्कम लेखी मागायची. अकरा ईमेलच्या जागी एकच पत्र, अर्ध्या पानाचं: वार्षिक फी का परत हवी, नोव्हेंबरची लेट फी का चुकीची, तारखांसकट. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फुकट, घरबसल्या, वकील न लावता. अडलं तर १४४४८ वर माहिती मिळते. दादांना उत्तर आलं नाही. लोकपालाकडे अर्ज गेल्यावर मात्र दोन्ही रकमा खात्यात परत आल्या.

मधे एक गंमत झाली. पतसंस्थेचं कर्ज मिळाल्यावर दादांनी सगळी बाकी भरली, पेढे वाटले, आणि पुढच्या महिन्यात १,४०१ रुपयांचं बिल आलं. फोनवर ते थरथरत होते. "बघा ताई, पुन्हा!" ते बारा दिवसांचं व्याज होतं, स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचं, जीएसटीसकट. हे शेवटचं शेपूट जवळजवळ प्रत्येकाला येतं. ते भरायचं राहून जातं, त्यावर लेट फी लागते आणि बंद झालेलं समजून सोडलेलं कार्ड सिबिलमध्ये थकीत दिसतं. दादांनी ते त्याच दिवशी भरलं. म्हणजे वहिनींनी भरायला लावलं.

त्यानंतर कार्ड बंद करायचा अर्ज. बाकी काही नसेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये. हे मी दादांना सांगायला नको होतं बहुतेक. गेल्या मंगळवारी सकाळी फोन आला.

"ताई, सात दिवस झाले. आज आठवा. पाचशे रुपये रोज! मी नवी फाइल करतोय."

मागून वहिनींचा आवाज आला, "आधी पतसंस्थेचा हप्ता आज आहे, तो भरा. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय."